खारपाणपट्ट्यासाठी गव्हाचं वाण घडवताना: संकरापासून उत्पादन चाचणीपर्यंत

गव्हाचा संकर करणं अवघड नाही. बारीक चिमटा धरता येणाऱ्या कोणाचाही हात दोन-चार सकाळींत बसतो. कठीण काम त्यानंतर सुरू होतं. दोन हजार झाडांतून जी शंभर-दीडशे ठेवली, ती खरंच खाऱ्या जमिनीला पुरून उरली, की वावरातल्या बऱ्या जागी उभी होती म्हणून वाचली, हे ठरवायचं असतं. नव्या माणसाचे हंगाम इथेच वाया जातात. म्हणून इथे संकराची कृती सांगितली आहेच, पण जास्त जागा निवडीला दिली आहे.

आधी जमिनीचं दुखणं ओळखा

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागात, खारपाण आहे. पण राजस्थानात जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसतो, तसं इथे क्वचितच दिसतं. मातीतले एकूण क्षार बऱ्याच ठिकाणी माफक असतात. विहिरी-बोअरचं पाणी खारं असतं आणि काळ्या चिकणमातीला सोडियम चिकटलेला असतो. त्या सोडियमने मातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात. पावसाळ्यात पाणी वरच तुंबतं, आणि दिवाळीनंतर तीच जमीन दगडासारखी होऊन भेगा पडतात. मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे दोन फुटांवर ओल असूनही पीक तहानलेलं राहतं. इथल्या गव्हाला खार आणि पाण्याचा ताण एकदमच सोसावा लागतो, वर ओलितानंतर दोन-तीन दिवस पाण्यात पाय बुडवून उभं राहावं लागतं ते वेगळंच.

माती तपासताना ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंमी असे तीन थर वेगवेगळे द्या. अहवालात सामू (पीएच), विद्युत वाहकता (क्षार किती ते सांगणारा आकडा) आणि विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमचं प्रमाण हे तीन आकडे हवेतच. वाहकतेच्या आकड्यात हमखास घोटाळा होतो. पुस्तकांत गव्हासाठी ६ डेसीसायमन प्रति मीटरची मर्यादा दिलेली असते आणि तिच्यापुढे दर एककाला सुमारे ७ टक्के उत्पादन घटतं असं लिहिलेलं असतं. तो आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. प्रयोगशाळा बहुधा १:२.५ या प्रमाणात माती-पाणी कालवून मोजतात, त्यात तीच माती बरीच कमी आकडा दाखवते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘आपली जमीन चांगली आहे’ असं ठरवू नका. शिवाय आपल्या काळ्या मातीत वाहकता कमी असूनही सोडियमचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या वर गेलं की पाणी मुरणं बिघडायला लागतं.

ज्या वाफ्यात निवड करणार, त्यात जिप्सम टाकू नका. पिकाच्या वावरात जरूर टाका, पण निवडीच्या वाफ्यात दुखणंच काढून टाकलं तर निवड कशाची करणार?

आईबाप कोणते घ्यायचे

खारासाठी भारतातला जुना दाता खारचिया. हा राजस्थानच्या पाली भागातला स्थानिक गहू, त्याच्यापासून खारचिया-६५ निघाला. सोसण्यात तो अव्वल, पण उंच वाढून लोळतो, तांबेऱ्याला बळी पडतो आणि दाणा लाल असतो. त्याचा लाल दाणा आपल्या बाजारात कोणी विचारत नाही. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने खार सोसणारे बुटके वाण काढले: त्याच रक्ताचे केआरएल १-४ आणि केआरएल १९, पुढे केआरएल २१० आणि २१३. नवशिक्याने सरळ केआरएल २१० किंवा २१३ पासून सुरुवात करावी. खारचियातलं सोसणं घेताना त्याची उंची आणि लाली झटकायलाच तीन-चार पिढ्या जातात. खार सोसणारे बुटके वाण तिथल्या लोकांनी तयार करून ठेवले आहेत, तर तेच काम परत कशाला करायचं?

पाण्याच्या ताणासाठी निफाडचा एनआयएडब्ल्यू-१४१५ म्हणजे नेत्रावती, किंवा जुना उंच सी-३०६. सी-३०६ चा एक गुण दुर्लक्षित राहतो. त्यात बुटकेपणाची जनुकं नाहीत, म्हणून कोंबावरचं आवरण लांब असतं आणि सात-आठ सेंमी खोल ओलीत पेरलेलं बीही वर येतं. बुटके वाण तेवढ्या खोलीवरून बरेचदा वर येत नाहीत.

मादी म्हणून आपल्या गावात रुजलेलं, दाण्याला गिऱ्हाईक असलेलं वाण घ्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा उशिरा पेरणीचा एकेएडब्ल्यू-४६२७ चालेल, लोक-१ ही चालेल. लोक-१ तांबेऱ्याला हळवा आहे, ते पुढच्या पिढ्यांत सांभाळावं लागतं. बी विद्यापीठाच्या गहू संशोधन विभागातून किंवा मूळ संस्थेतून घ्या. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्यातच आहे. तिथून नमुने मिळवायला सामग्री हस्तांतरणाचा करार भरावा लागतो, तेव्हा अर्ज उन्हाळ्यातच करा.

बन्सीशी, म्हणजे ड्युरम गव्हाशी, संकर करायचा मोह टाळा. बन्सीत २८ गुणसूत्रं असतात, पोळीच्या गव्हात ४२. पहिल्या पिढीत ३५ येतात आणि त्या झाडांना फार कमी दाणे भरतात. पण बन्सीचं बी किलोभर आणून ठेवा. निवडीच्या वाफ्यात ते उपयोगी पडतं, कसं ते पुढे येईलच.

संकर

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला गहू इथे जानेवारीच्या सुरुवातीला निसवतो (ओंबी बाहेर पडते), म्हणजे संकराचे दिवस जानेवारीचे. नर आणि मादी एकाच दिवशी फुलतील याचा भरवसा नाही, म्हणून नर वाण आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा पेरा.

लागणारं सामान: टोकदार चिमटा, छोटी कात्री, बटर पेपरच्या साधारण १५ × ५ सेंमीच्या पिशव्या, स्टेपलर किंवा यू-पिना, दोऱ्याच्या चिठ्ठ्या, शिसपेन्सिल, स्पिरिटची बाटली, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बसायला पाट. चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिलं की दवाने शाई पसरते, पेन्सिल टिकते.

पोटरीतून तीन-चतुर्थांश बाहेर आलेली ओंबी निवडा. एक फूल उघडून पाहा. परागकोश हिरवे असले तर ओंबी योग्य, पिवळट झाले असतील तर सोडून द्या, आत परागण होऊन गेलेलं असतं. खालच्या दोन-तीन आणि शेंड्याच्या दोन-तीन कणसुल्या (ओंबीवरचे फुलांचे छोटे झुबके) काढून टाका. उरलेल्या प्रत्येक कणसुलीत मधली फुलं चिमट्याने उपटा, बाहेरची दोनच ठेवा. आता तुसांचा वरचा एक-तृतीयांश भाग कात्रीने छाटा आणि प्रत्येक फुलातून तिन्ही परागकोश अलगद बाहेर काढा. तीन म्हणजे तीनच. एक आत राहिला तर त्या फुलाचा दाणा स्वपरागाचा होतो आणि पुढचे दोन हंगाम तुम्ही संकर समजून मादीचंच बी वाढवत बसता. परागकोश फुटला तर ते फूल आख्खं काढून टाका. एका ओंबीवर वीस-चोवीस फुलं राहतात. पिशवी चढवा, पिन मारा, चिठ्ठीवर मादीचं नाव आधी, मग गुणाकाराचं चिन्ह, मग नराचं नाव आणि तारीख लिहा.

दोन-तीन दिवसांनी पिशवी उघडून पाहा. कुक्षीचे पिसारे दोन्ही बाजूंना उघडलेले दिसले की परागणाची वेळ झाली. दव उडाल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, नराची नुकती फुलू लागलेली ओंबी तोडा आणि तिच्या तुसांची टोकं छाटून पाच मिनिटं उन्हात धरा. परागकोश लांबून बाहेर येतात आणि फुटायला लागतात. तीच ओंबी उलटी करून मादीच्या पिशवीत वरून घाला आणि बोटांत धरून गरगर फिरवा. पराग फार तर अर्धा तास जिवंत असतो, त्यामुळे नर तोडून ठेवून चहाला जायचं नाही. दुसऱ्या नराकडे वळण्याआधी हात आणि चिमटा स्पिरिटने पुसा.

एका जोडीसाठी पाच-सहा ओंब्या पुरतात. निम्म्या फुलांत दाणा धरला तरी पन्नासच्या आसपास बी मिळतं. दाणे सुरकुतलेले असतील, तसे ते असतातच. आणि एक ओंबी परागकोश काढून, पिशवी चढवून, परागण न करता तशीच ठेवा. तिच्यात दाणे भरले तर तुमचा चिमटा चुकतो आहे.

पहिल्या दोन पिढ्या चांगल्या जमिनीत

पहिली पिढी खाऱ्या वावरात पेरायची नाही. या झाडांकडून फक्त भरपूर बी हवं असतं. ३० सेंमीवर ओळी, झाडांत १५-२० सेंमी अंतर, पाणी आणि खत नीट. शेजारी आई-बापाची एकेक ओळ लावा आणि उंची, कुसळं, पानावरची मेणचट झाक, निसवण्याचा दिवस यांत फरक पाहा. हुबेहूब मादीसारखी दिसणारी झाडं उपटा. डोळ्यांना फरकच कळत नसेल तर डीएनए मार्करची चाचणी करून घ्या.

दुसऱ्या पिढीत दोन हजार झाडं ठेवा. ३० × १० सेंमी अंतराने ती साठ चौरस मीटरमध्ये बसतात, म्हणजे एक गुंठाही लागत नाही. इथे दिसेल ते बघून निवडा: उंची, लवकर येणं, तांबेरा, खोड ताठ की वाकणारं. कडेला लोक-१ च्या दोन ओळी लावल्या की ढगाळ हवेत तांबेरा आधी तिथे येतो आणि मग आत पसरतो. जी झाडं स्वच्छ राहतात ती ठेवा. पेरणीपासून ५५-६० दिवसांत निसवणारी झाडं विदर्भात फायद्याची, कारण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं की दाणा भरणं थांबतं. उत्पादनावर मात्र इथे निवड करू नका. सुट्या एका झाडाचं वजन पुढच्या पिढीबद्दल फारसं काही सांगत नाही.

खारचियाचं रक्त थेट घेतलं असेल तर दाण्याच्या रंगाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. रंग दाण्याच्या सालीचा असतो आणि साल आईची. म्हणून पहिल्या पिढीच्या झाडावरचं सगळं बी लालच दिसेल, रंगाची वाटणी दिसायला दुसऱ्या पिढीच्या झाडांची मळणी व्हावी लागते. लालीची जनुकं तीन ठिकाणी असू शकतात. एकच असेल तर चारात एक झाड पांढऱ्या दाण्याचं निघतं, तिन्ही असली तर चौसष्टात एक. शंका आली तर पाच टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दाणे टाका, लाल दाणा काळपट तपकिरी होतो आणि पांढरा पिवळसर राहतो. सोडा हाताला भाजतो, हातमोजे घाला.

दीडशे झाडं निवडून प्रत्येकाची वेगळी मळणी करा. एका झाडाचे शंभर-सव्वाशे दाणे धरा. चाळीस दाणे खारपाणातल्या ओळीला, चाळीस कोरडवाहू ओळीला, बाकी लिहिलेल्या पाकिटात राखीव.

तिसरी पिढी: खरी निवड

खारं वावर एकसारखं कधीच नसतं. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाताना दहा पावलांवर गहू गुडघ्याएवढा आणि पुढच्या दहा पावलांवर वीतभर, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अशा वावरात नुसतं ‘जोमदार झाड’ निवडणं म्हणजे चांगली जागा निवडणं. म्हणून पेरणीआधी वावराचा नकाशा करा: दर पाच मीटरवर मातीचा नमुना, सामू आणि वाहकता मोजून कागदावर चौकटी भरा. फार चांगले आणि जिथे काहीच उगवत नाही असे दोन्ही तुकडे सोडून द्या.

मग ओळी टाका, दोन मीटर लांब, साडेबावीस सेंमी अंतर. दर पाचव्या ओळीला तुलनेसाठी केआरएल १९ पेरा आणि दर विसाव्या ओळीनंतर बन्सीची एक जादा ओळ. पोळीच्या गव्हात ‘डी’ गटातल्या चौथ्या गुणसूत्रावर पानात सोडियम चढू न देणारं जनुक असतं. बन्सीत तो गटच नसतो, म्हणून तो खाराला आधी बळी पडतो. ज्या पट्ट्यात बन्सीही छान उभा आहे, तिथे खार नाही असं समजा आणि त्या पट्ट्यातल्या नोंदी बाद करा.

ओळीचं वजन कधीही तसंच वापरू नका, दोन्ही बाजूंच्या केआरएल ओळींच्या सरासरीशी ताडून पाहा. ३७ नंबरच्या ओळीने ३१० ग्रॅम दिले, तिच्या अलीकडे-पलीकडे केआरएलने २८० आणि ३०० दिले. सरासरी २९०, म्हणजे आपली ओळ १०७ टक्के. ८२ नंबरने ३६० ग्रॅम दिले, पण तिथे केआरएलच्या ओळी ३८० आणि ४०० च्या होत्या, म्हणजे ९२ टक्के. वजन ८२ चं जास्त, ठेवायची मात्र ३७.

लक्षणांची गल्लत होते, ती अशी सोडवा. मिठाचा चटका खालच्या जुन्या पानांच्या टोकापासून सुरू होऊन कडांनी आत येतो. पाण्याच्या ताणात पानं दुपारी सुरळी होतात आणि सकाळी उघडतात. ओलितानंतर खालची पानं सरसकट पिवळी पडली तर ते तुंबलेल्या पाण्याचं. नवी पानं शिरांमध्ये पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चढ्या सामूमुळे लोह कमी पडतंय. त्यासाठी फेरस सल्फेटची फवारणी सगळ्या ओळींवर सारखी करा, नाहीतर लोहाची कमतरता सोसणारं झाड खार सोसणारं म्हणून निवडलं जाईल.

वावराला जोड म्हणून ट्रेमध्ये चाचणी करता येते. धुतलेल्या वाळूत रोपं वाढवा. दुसरं पान आल्यावर खाण्याच्या मिठाचं पाणी सुरू करा: पहिल्या दिवशी लिटरला २ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवसापासून ५.८५ ग्रॅम. एकदम पूर्ण मात्रा दिली की झटक्याने सगळीच रोपं माना टाकतात आणि काही कळत नाही. एक दिवसाआड विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम द्या आणि मधल्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम. कॅल्शियम नसेल तर मुळांची सोडियम अडवायची ताकदच जाते. दर वेळी पाणी तळातून वाहून जाईल इतकं घाला, नाहीतर वाळूत मीठ साठत जाऊन कोणत्या मात्रेला चाचणी केली तेच कळत नाही. तीन आठवड्यांनी रोपं वाळवून साध्या पाण्याच्या ट्रेशी वजन ताडा. पण या चाचणीवर फक्त अगदी निकामी ओळी बाद करा. रोपपणी खार सोसणारं झाड दाणा भरतानाही सोसेलच असं नाही.

पाण्याच्या ताणाची बाजू

ताणाचा वाफा आणि ओलिताचा वाफा यांत किमान तीन मीटरची पट्टी सोडा. काळ्या मातीतल्या भेगांतून पाणी आडवं पळतं आणि कोरड्या वाफ्याच्या कडेच्या ओळी फुकट हिरव्या राहतात. ताणाच्या वाफ्यात साठलेल्या ओलीवर पेरणी करून एकच पाणी द्यायचं असेल तर ४०-४२ व्या दिवशी, दोन द्यायची तर २०-२२ आणि ६०-६५ व्या दिवशी. पाणी शेततळ्याचं हवं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने ओलित केलं तर ताणाचा प्रयोग खाराचा होऊन बसतो. जानेवारीत अवकाळी झाली तर त्या वर्षीचा ताणाचा क्रम रद्द धरा.

निवडीसाठी ताण-संवेदनशीलता निर्देशांक काढतात. समजा, एक ओळ ओलितात हेक्टरी ३६ क्विंटल आणि ताणात २२ देते, तर घट ०.३९. सगळ्या प्रयोगाची सरासरी ओलितात ३४ आणि ताणात १७ असेल तर घट ०.५. ओळीच्या घटीला प्रयोगाच्या घटीने भागलं की ०.७८, म्हणजे एकापेक्षा कमी, चांगला. आता दुसरी ओळ: ओलितात २० आणि ताणात १६. तिचा निर्देशांक ०.४ निघतो, कागदावर ती सरस दिसते. पण ताणातसुद्धा ती पहिलीपेक्षा सहा क्विंटल कमी देते. मुळात कमी देणाऱ्या ओळीची घटही कमीच दिसते, म्हणून निर्देशांकाच्या शेजारी ताणातलं प्रत्यक्ष उत्पादन ठेवूनच ठरवा.

इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर फुलोऱ्यानंतर स्वच्छ उन्हात, वारा पडलेला असताना, दुपारी एक ते तीनमध्ये ओळींच्या पानोळ्याचं (वरच्या पानांच्या छत्राचं) तापमान घ्या. शेजारच्यांपेक्षा अंश-दीड अंश थंड ओळ खालून पाणी ओढते आहे.

पुढच्या पिढ्या

चौथ्या पिढीत बऱ्या ओळींमधली तीन-चार झाडं घेऊन तोच क्रम, आता प्रत्येक ओळीच्या तीन पुनरावृत्ती. पाचव्यात ओळी एकसारख्या दिसायला लागल्या की पूर्ण ओळीची एकत्र मळणी करा. सहावीपासून उत्पादन चाचणी: सहा ओळी, पाच मीटर लांब, प्रत्येक वाफ्याला हेक्टरी १०० किलोच्या हिशेबाने ६८ ग्रॅम बी, खारपाणात पाव पट जास्त. इथे वर्षात एकच पिढी निघते, त्यामुळे संकरापासून इथवर सात-आठ वर्षं धरून चाला. संस्था हिमाचलातल्या दलंग मैदानला आणि निलगिरीतल्या वेलिंग्टनला उन्हाळी पिढी घेतात.

राखणीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं एका रात्रीत चार वर्षांचं काम खाऊन जातात. आणखी एक नुकसान लगेच लक्षात येत नाही: सगळ्यांत आधी पिकणाऱ्या ओळींवर पोपट आणि चिमण्या तुटून पडतात, वजन कमी भरतं आणि नेमक्या लवकर येणाऱ्या ओळीच ‘कमी उत्पादनाच्या’ म्हणून बाद होतात. त्या ओळींवर आधीच जाळी टाका.

वाण पक्कं झालं तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदता येतं, त्याला नोंदणी शुल्क लागत नाही. वेगळेपणा, एकसारखेपणा आणि टिकाऊपणा दाखवावा लागतो, तेव्हा तिसऱ्या पिढीपासूनची वही जपा. त्याच कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा आणि ब्रँड न लावता विकायचाही हक्क आहे.

दर पिढीत पेरणीआधी प्रत्येक ओळीचं थोडं बी बाजूला काढा. उन्हात वाळवून ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणा, कागदी पाकिटात भरा, पाकिटं झाकणाच्या डब्यात ठेवा. बाहेरही क्रमांक, आत चिठ्ठीवरही क्रमांक. फेब्रुवारीत गारपीट झाली तर पुढचा हंगाम याच डब्यातून पेरायचा असतो.